चांदी

रविवारी ड्यूटी नसली की आम्ही चौघं सिडकोत फिरतो.
उस्मान पिंजारी एक्स-रेवाले, मी, नव्या बॅचची वैजयंता,
आणि दौलतमामा, त्यांच्या लुनावर एक रिकामं पोतं.
दार वाजवतो, विचारतो,
जुने एक्स-रे आहेत का घरात?
लोकांना वाटतं, सरकारची नवी स्कीम.

असतातच. गादीखाली, लाइट बिलांच्या पिशवीत,
कुणाची मांडी, कुणाच्या कण्यातली फट.
पवननगरच्या एका पोरानं मोडलेला हात उन्हाकडे धरला,
म्हणाला, ह्यात मी सात वर्षांचा आहे,
आणि देऊन टाकला.

सराफ बाजारामागच्या बोळात एक जण त्या धुतो.
हाडं पाण्यात उतरतात,
बुडाशी करडा गाळ राहतो, त्यातून चांदी.
किलोमागे चिमूटभर.
उस्मानभाई म्हणतात, तीस वर्षं लोकांना
'श्वास धरा' म्हणालो,
आता सोडायला सांगतोय.

तियामिके आमच्याच हॉस्टेलला होती, तीन वर्षं.
ठेचा खाऊन रडायची, पुन्हा मागायची.
आता मलावीत, तळ्याकाठच्या दवाखान्यात.
तिथं एका ऑक्सिजन मशीनवर तीन बाळं,
नळीला फाटे फोडलेले.
वीज गेली की ती हातानं बॅग दाबते,
आणि मोजते मराठीत:
दाब, सोड, सोड.
दाब, सोड, सोड.
मीच शिकवलं होतं तिला, नाइटला, पेंगत.

'इथं सिव्हिलला एका खाटेवर दोन बाळंतिणी,
आणि तुम्ही निघाल्या आफ्रिकेला?'
शिवाजी चौकात एका गृहस्थांनी विचारलं.
खरंय त्यांचं.
सोमवारी तिसरीसाठी खाली गादी मीच टाकते.
उत्तर सापडलं नाही.
त्यांच्या सुनेनं मागच्या दारानं
सासऱ्यांचा गुडघा आणून दिला.

सातपूरला खैरनारबाईंनी मात्र पाकीट छातीशी धरलं.
नवरा ग्राइंडिंगच्या खात्यात होता, धुळीनं गेला.
'ह्यांचा फोटो एकच, लग्नातला, टोपीत तोंड बुडालेलं.
आतलं एवढं स्वच्छ ह्याच्यातच दिसतं.'
मामा म्हणाले, राहू द्या, ताई.
चहा झाला. चपला घातल्या.
तेव्हा त्यांनी विचारलं,
धुतल्यावर ती कोरी परत मिळते का?

कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही.
उस्मानभाईंनी बोळात उभं राहून ती एक वेगळी धुवून घेतली,
बुधवारी सायकलवरून पोचवली.
फिकट निळी, आरपार.
बाईंनी ती खिडकीच्या फुटक्या तावदानात बसवली,
चारी कडांना चिकटपट्टी.
फासळ्या होत्या तिथून आता
समोरच्या कंपनीचं गेट दिसतं,
शिफ्ट सुटताना.

हिशेब वैजयंताच्या वहीत आहे.
मशीनच्या निम्मेही झाले नाहीत, भाडं वेगळंच.
काल रात्री तियामिकेचा निरोप आला, आवाजाचा,
मागे जनरेटर धडधडतोय,
शब्द नीट कळत नाहीत,
फक्त मोजणं कळतं.

पुढच्या रविवारी इंदिरानगर.
मामांनी पोतं शिवून ठेवलंय.