फरशी

लॉन्सवाल्यानं वही उघडली आणि म्हणाला,
मंगळवारी तिथी नाही, काका,
वीस टक्के कमी करतो.
मी म्हटलं, लिही मंगळवार.
शनिवार आमचा, रविवार त्यांचा,
आणि आमच्यात मंगळवार दुप्पट चांगला मानतात
हे त्याला सांगितलं नाही.
सूट गेली असती.

येमिमा आणि नहेम्या.
कार्डवाल्यानं दोनदा विचारलं,
यातली ज्यू बाजू कोणती?
त्याचं काही चुकलं नाही.
त्यांच्याकडे एक राहेलआत्या, आमच्याकडे एक राहेलआत्या,
दोघींना मानपान हवा, दोघी गुडघ्यांनी अधू,
म्हणून पहिल्या रांगेत दोन खुर्च्या, उशांसकट.

चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली मी.
कागद उजेडाला धरून बघायची सवय जात नाही.
हे लग्नही रोज रात्री धरतो
स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर,
आत काही दिसतं का, एखादं पुसट डोकं,
एखादी रेघ.

ठाण्याच्या हाझानसाहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाले, नवगावकर, मलिद्याला बोलवा, येईन.
याला नाही.
रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा सात आशीर्वाद मीच म्हणणार.
आईच्या वहीत ते देवनागरीत आहेत,
शाई पसरलेली, मध्येच दुधाचा हिशोब.
माझं हिब्रू अलिबागेहून पायी आलेलं,
वाटेत बसतं, पाणी मागतं.

शरणपूरचे पाळक संध्याकाळी आले.
कप खाली ठेवताना म्हणाले,
माझी प्रार्थना एका नावानं संपते.
आयुष्यभर तशीच संपत आली.
तुमच्या छताखाली काय करू?
मला उत्तर सुचेना.
सरोजिनीबाई, मुलाची आई, सिव्हिलमधून रिटायर झालेल्या सिस्टर,
म्हणाल्या, पाळकसाहेब, तुम्ही संपवूच नका.
तिथं थांबा. आमेन आम्ही म्हणतो.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
हो म्हणाले नाहीत अजून.

बाकी जमत आलंय.
छताचे चार बांबू नहेम्याचा मामा आणणार
निफाडच्या बागेतून, तारेचे वळ उठलेले.
वर माझ्या वडिलांची झालरीची शाल.
पेल्यात काळ्या मनुकांचं सरबत,
आमच्या घरी शुक्रवारी असतं तेच.
सरोजिनीबाईंनी चाखलं, म्हणाल्या,
आमच्या चर्चमधलं याहून पातळ असतं.
हसलो दोघं. मग वाटलं, हसायचं होतं का?

डुक्कर नाही, कोलंबी नाही, मटणाच्या पंगतीला दही नाही.
केटरर कंटाळून म्हणाला, सरळ व्हेज करा ना.
दोन्ही घरं एकदम ओरडली, नाही!
एवढी एकी आधी कशावरच झाली नव्हती.

राहिला ग्लास.
नवऱ्यानं शेवटी पायाखाली फोडायचा तो.
येमिमा म्हणाली, पप्पा, हिरवळीवर ग्लास फुटत नाही.
खरंच. रुमालात गुंडाळून कॉलनीच्या बागेत पाहिलं करून,
टाच मारली तर मातीत रुतला,
तोंड वर करून बसला.
लॉन्सवाला म्हणतो, काच सांडली तर डिपॉझिट विसरा.

म्हणून आज सकाळी पहार घेऊन
न्हाणीमागची शहाबादी फरशी उखडली.
रिबका हिच्यावर चादरी धोपटायची.
एक कोपरा झिजून बशीसारखा झालाय,
तिथं साबणाची वडी ठेवायची ती.
खाली ओल, दोन गोमी, एक निळं बटण.
घासली. उन्हात उभी केली.

दुपारी नहेम्या आला.
आम्ही ग्लास कशाच्या आठवणीत फोडतो
ते त्याला कुणी सांगितलंय की नाही, ठाऊक नाही.
त्यानं काही विचारलं नाही.
फरशी आडवी केली, टाच टेकवून पाहिली
त्या खोलगट कोपऱ्यावर,
मग बूट काढून पुन्हा एकदा.
म्हणाला, इथं नको.
मधे फोडतो.