चौघांचं पाणी

सेआकाला जायला बिर्लाडहून बस नाही.
कार्यालयाची गाडी, मागच्या सीटवर नोंदवह्या.
पाइप मोजून झाले कधीच,
आता माणसं मोजायची आहेत.

गावाच्या तोंडाशी निळा फलक,
त्यावर पिवळ्या चांदण्यांचं रिंगण,
खाली रक्कम, शेवटच्या शून्यापर्यंत.
फलकाच्या खांबाला एक बकरी पाठ घासतेय.

सेआका म्हणजे कोरडी. नावच तसं पडलंय.
विहिरी होत्या, पण पाण्यात शेतातलं खत उतरलेलं.
‘तान्ह्या बाळांना पाजू नये’,
अशी पाटी लावली होती दवाखान्यानं.
पाटीला पैसे लगेच निघाले.
पाण्याला निघायला एकोणीस वर्षं.

अट साधी होती : दोनशे माणसं असतील, तर नळ.
माणसं होती एकशे अडुसष्ट.
बाकीची गेली होती, पाणी नव्हतं म्हणून.
आडात नाही म्हणून पोहऱ्यात नाही,
पोहऱ्यात नाही म्हणून गावात माणूस नाही,
आणि माणूसच नाही, तर आड कशाला?
हे वर्तुळ आमच्या टेबलांवरून फिरत राहिलं
तीन साहेब निवृत्त होईपर्यंत.

मग एका अर्जात आकडा आला : दोनशे तेरा.
खाली सरपंचाचा शिक्का, पाद्र्याची सही.
पैसे सुटले.

तोच आकडा तपासायला आलोय.

घर क्रमांक एकेचाळीस. झाम्फिराबाई, वय चौऱ्याहत्तर.
अर्जात माणसं चार.
दारात एक.

‘बाकीचे?’
‘कोस्ताके तोरिनोला. लोकांची छपरं दुरुस्त करतो.
इलिंका त्याच शहरात, एका म्हातारीला आंघोळ घालते.
त्या म्हातारीकडे चोवीस तास गरम पाणी असतं म्हणे.
धाकटा बोटीवर. त्याला काय, पाणीच पाणी.’
हसली नाही.

‘मग चार कसे लिहिलेत?’
‘तुम्ही विचारलंत, घरात माणसं किती.
आत्ता किती, असं कुठं विचारलंत?’

मी मीटरचं झाकण उघडलं.
एकटी बाई, महिन्याला दोन घनमीटर, फार तर अडीच.
काटा सांगत होता, नऊ.
गळती असणार. भिंतीला कान लावला.
भिंत गप्प.

ती मला परसात घेऊन गेली.
अक्रोडाची रोपं, रांगेत नव्हे,
जिथं कुदळ आत गेली तिथं तिथं.
जर्दाळूचं एक झाड, वाकडं.
कुंपणापलीकडची सगळी टेकडी
पिवळी, भाजलेली, आणि इथं चिखल.

‘माझं आटोपलं की संध्याकाळी
त्यांच्या त्यांच्या वाटणीचं सोडते.
इलिंका लहानपणापासून उधळी,
तिचं जरा जास्त धरते.
कागदावर चार लिहिलेत ना,
मग पाणी तरी चौघांचं लागायला नको?’

राजधानीत मी दाढी करतो
तेव्हा नळ चालूच असतो.
मी किती माणसांचं पाणी वाहू देतो
हे मला कुणी विचारलेलं नाही,
माझ्या घरी कुणी टेप घेऊन आलेलं नाही,
माझ्या बापाला पाण्यासाठी
माणसं जमवावी लागली नाहीत.

तक्त्यात रकाना होता : लाभार्थींची प्रत्यक्ष संख्या.
पेन थोडा वेळ तसंच धरून बसलो.
बकरी एव्हाना अंगणात आली होती,
चिखलातलं पाणी पीत होती, कुठल्याही नोंदीत नसलेली.
मी लिहिलं :
‘वापर अर्जातील संख्येशी जुळतो.’
हे खोटं नाही. पुन्हा वाचून पाहिलं.

निघताना तिनं माझी बाटली भरून दिली.
मी विचारलं, ‘ही कुणाच्या वाटणीतली?’

‘कोस्ताकेच्या,’ ती म्हणाली,
‘त्याला तहान काढायची सवय आहे.’