पहाटे चारची गोळी

तुरीच्या डाळीचा भुसा
सुपडूमामाच्या छातीत शिट्टी वाजवतोय.
जळगाव, एमआयडीसीमागची खोली.

गोळी दिली. तीन-चार तास तरी लागतील.
तोवर मी एमएस्सीची वही उघडते:

पेशीच्या ओट्यावर एक रिसेप्टर
सोबत्यांच्या मिठीत ताटकळलेला.
स्टेरॉइड भेटलं की मिठी सोडवतो,
केंद्रकाचा उंबरा ओलांडतो,
डीएनएवर आपली ओळ हुडकतो,
आणि जिथं सूज लिहिली जात असते
त्या हाताचं मनगट धरतो.
धरून ठेवतो, बस.

परीक्षेला आकृतीसह, आठ गुण.

साडेसातला मामानं चहा मागितला.
"आते बरं वाटस," म्हणाला,
आणि मिलची टोपी दारात झटकली.

उन्हात पिवळी धूळ,
सावकाश आत येणारी.