जर्दाळूचं झाड कोणाचं

यंदा सत्तावन्न जर्दाळू धरले होते.
मी स्वतः मोजले, शिडीवर चढून.
क्लाइव्ह म्हणाला, शिडी मी धरतो,
आणि फोन वाजला तशी सोडून गेला.

आज सकाळी एकोणीस.
बाकीच्यांच्या बिया मागच्या पायरीवर,
स्वच्छ चोखून, एका ओळीत मांडलेल्या,
जणू कुणी हिशोब देऊन गेलंय.

पोसम, म्हणाला क्लाइव्ह,
वर्तमानपत्रातून मान वर न काढता.
पक्षी, म्हणाली ब्रॉनी,
जी मागच्या ईस्टरला आली होती
दोन आठवड्यांसाठी,
दोन मुलं, एक तंबू आणि एक ससा घेऊन.
आता जानेवारी चाललाय.
ससा माझ्या कोबीत राहतो.
तंबूही तिथेच आहे.

बिशपचं तर नावच काढू नका.
मेंढरं हाकायच्या जातीचा कुत्रा,
मेंढरं नाहीत म्हणून कोंबड्या हाकतो.
कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं,
मग मुलांना हाकायला लागला.
मुलं आईचं ऐकत नाहीत, त्याचं काय ऐकणार!
तेव्हा दुपारभर बसून
डेलियाचे कंद उकरतो
आणि एकेक आणून ठेवतो माझ्या उशीवर,
चिखलासकट, मायेनं.
ओरडलं तर शेपूट हलवतो.
नाही ओरडलं तर दुसरा आणतो.

पलीकडच्या मर्विननं पिंजरा दिला.
आत सफरचंदाची फोड,
फोडीवर शेंगदाण्याचं लोणी.
पहिल्या रात्री सापडली आमचीच मांजर.
दुसऱ्या रात्री पुन्हा मांजर,
सफरचंद तसंच, लोणी साफ.
तिसऱ्या रात्री तर ती संध्याकाळीच
पिंजऱ्यापाशी येऊन बसली,
खानावळीचं दार कधी उघडतं याची वाट बघत.
मर्विन हसला.
मर्विनच्या बागेत एक झाड नाही,
सगळं सिमेंट. त्याला हसायला काय जातंय!

चौथ्या रात्री मीच जागत बसले,
स्वयंपाकघरातला दिवा मालवून,
हातात पाण्याची नळी.
नदीवरून गार वारा येत होता,
तंबूत कुणीतरी घोरत होतं, बहुधा ससा.

दोन वाजता फांदी हलली.
मांजराएवढं एक जनावर, डोळे बटणांसारखे,
पाठीवर पिल्लू चिकटलेलं,
दोन्ही हातांत धरून खात होतं,
सावकाश, पाहुण्यासारखं.
नळी उचलली मी.
आणि खाली पाहिलं.

बुंध्याशी क्लाइव्ह.
पायजमा, रबरी बूट, बोटांत झाकलेली विजेरी.
डॉक्टरनं साखर बंद केली त्याला शिमग्यासारखा
सण झाला होता घरात: जॅम कपाटात वर,
बिस्किटं माझ्या शिवणाच्या डब्यात,
केकला तर ब्रॉनीची मुलंच राखण.
आणि हा इथे
रात्री दोनला जर्दाळू चोखतोय,
बी पायजम्याला पुसतोय,
पायरीवर नीट ठेवतोय, मागच्या बीला लावून.
चाळीस वर्षं मोजे कधी जोडीनं ठेवले नाहीत या माणसानं!

वरच्यानं एक फळ पाडलं.
खालच्यानं ते उचललं, वर पाहिलं,
आणि म्हणाला, थँक यू, मॅडम.
माझ्याशी इतक्या अदबीनं
शेवटचा कधी बोलला होता, आठवेना.

नळीचा नळ मी सोडला नाही.
का नाही सोडला, ते मला विचारू नका,
अजून राग आहेच माझा.

सकाळी अकरा उरले.
पोसम, म्हणाला क्लाइव्ह, पेपराआडून.
हो, म्हणाले मी, चहा ओतत,
पाहिले मी. दोन होते.
एकाच्या अंगात पायजमा होता.

पेपर बराच वेळ हलला नाही.
मग पान उलटल्याचा आवाज आला,
आणि बिशप आत आला,
तोंडात कंद.