चरा

माझ्या भावाला वाजवायला कुणी शिकवलं नाही.
शिकवलंच असेल तर एका तबकडीनं,
तीही कचऱ्यातली.
लुआन्श्याला खाणीच्या साहेबांच्या बंगल्यामागं
पिंपात सापडली त्याला, कव्हराशिवाय,
अंगावर एक आडवा चरा.
म्हणून तर फेकली होती.

फोनो फक्त बाना काटोंगोकडे.
ती घरी बिअर गाळायची, पाणी चिशिंबाकडून भरून घ्यायची
आणि दोन घागरींमागे तबकडीची एक बाजू ऐकू द्यायची.
तो तेरा वर्षांचा, मी नऊचा.
तेलाचे तीन डबे, दूध पावडरीचा एक,
लॉरीच्या चाकाची थाळी आंब्याला दोरीनं टांगलेली.
मधला डबा सरकायचा. तो धरून बसणं हे माझं काम.
थंडीत अजून माझ्या गुडघ्यांना तो डबा आठवतो.

गाणं सरळ चालायचं, चालायचं,
आणि चऱ्यापाशी सुई
ठेच लागल्यासारखी अर्धं पाऊल पुढं पडायची.
चिशिंबाही पडायचा. दर वेळी, नेमका तिथंच.
त्याला वाटायचं गाणंच तसं आहे.
मला काय, मी तसाच डोलायचो.

वडील भट्टीवर. म्हणायचे, हातावर पोट आहे आपलं,
ते हात पत्र्यावर आपटून संपवू नकोस.
तो ऐकून घ्यायचा
आणि एन्शिमाचा गोळा वळता वळता
दुसऱ्या हातानं ताटाच्या कडेवर
पुन्हा तेच.

पुढं बँड निघाला. नाव नाईट शिफ्ट,
कारण चौघंही दिवसपाळीला.
लुबासीची गिटार, आणि खाली पसरट विजारी
आमच्या बहिणीनं पडद्याच्या कापडातून शिवलेल्या,
नीट पाहिलं तर मांडीवर फुलांची रांग उलटी.
किट्वे, मुफुलिरा, एकदा सीमेपलीकडं लुबुम्बाशी.
बारमध्ये लोक नाचायचे, आणि त्या जागी
अख्खी खोली एकदम ठेचकाळायची,
हसायची, परत उभी राहायची.
चिशिंबाचा खड्डा, असं नाव पडलं त्याला.
काही जण नुसते खड्ड्यात पडायला यायचे.

लुसाकाच्या स्टुडिओत काचेमागच्या माणसानं
तीनदा थांबवलं. म्हणाला, तुझी एक मात्रा गळते.
चिशिंबा म्हणाला, गळत नाही. तिथं ती नसतेच.
चौथ्यांदा त्यानं थांबवलं नाही.
पाचशे प्रती निघाल्या.
आमच्या घरी एकही नाही.

मग तांब्याचा भाव पडला.
हे वाक्य आमच्याकडं कुठल्याही गोष्टीत मध्येच येतं
आणि तिथून गोष्ट दुसरीच होते.
लुबासी दुखण्यात गेला;
त्या दुखण्याचं नाव तेव्हा कुणी घेत नसे.
बासवाला देवाकडं वळला, अँप्लिफायरसकट.
चिशिंबा लागला दिव्यांच्या खोलीत:
पहाटे खिडकीतून उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे,
वर आल्यावर मोजून घ्यायचे.
एखादा दिवा परत आला नाही
तर खिडकी बंद करायची नाही.
सव्वीस वर्षं.
काउंटरचा पत्रा उजव्या बाजूला चेपलेला होता.
खाण बंद झाल्यावर मी मुद्दाम जाऊन
त्यावरून हात फिरवून आलो.

गेल्या ऑगस्टात नात मुताले आली,
तिनं फोनवर शोधून ते मूळ गाणं लावलं.
स्वच्छ. धुऊन वाळत घातल्यासारखं.
चिशिंबाला आता एकाच कानानं ऐकू येतं,
तो कान त्यानं पुढं केला.
मांडीवर बोटं सुरू.
ती जागा आली
आणि गाणं सरळ निघून गेलं,
खड्डा बुजवलेल्या रस्त्यावरून बस जावी तसं.
त्याची बोटं तेवढी पुढं पडली. एकटीच.

आजोबा, परत लावू?

नको, तो म्हणाला.
यांना कुणीतरी शिकवलेलं दिसतंय.