पिंपातलं पाणी

सांता क्लाराचा रस्ता, दर दहा पावलांवर एक उंचवटा.
मागे पिकअपमध्ये पिंप, अर्धं भरलेलं.
"विसाला नुसतं थरथरतं," ओनेसिमो म्हणतो,
"साठाला त्याला कळतही नाही आपण निघालोय ते.
पण चाळिसाला..."
आणि मुद्दाम काटा चाळिसावर नेतो.

पहिल्या हिसक्याला पाणी कडेला जाऊन परत फिरतं.
ते फिरतंय तोवर दुसरा हिसका,
नेमका पाठीत.
मग तिसरा.
उंचवटे तेवढेच, तितकेच बुटके;
डुचमळ मात्र वाढत वाढत
मागच्या काचेवर येऊन फुटते.
माझी एन्सेनाडातली चार वर्षं, फळ्यावरची समीकरणं
बाहीने पुसून टाकावीत तसा तो हसतो.

आखातही पिंपच. हजार किलोमीटर लांब,
एका बाजूने उघडं.
तोंडाशी महासागर मीटरभर खांदा उचलतो,
बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा.
आखाताचा स्वतःचा हेलकावा जवळजवळ तेवढाच.
जवळजवळ.
आत गेलेलं पाणी परतून दाराशी येतं
तेव्हा पुढचा धक्का उंबऱ्यात उभा असतो.
आणि इथे टोकाला, चिखलाच्या गावात,
त्या मीटरभराचं दोन मजली पाणी होतं.
ओहोटीला होड्या कुशीवर कलंडतात,
समुद्र म्हणजे लांब कुठेतरी एक रेघ.

पूर्वी वरून नदी यायची.
आता ती धरणांत, कोबीच्या शेतांत, उत्तरेच्या नळांत.
भरती अजून जाते तिला आणायला,
दिवसातून दोनदा,
आणि कोरड्या पात्रात मीठ ठेवून परतते.

मार्चच्या उधाणाच्या तोंडावर
तो वल्ह्याचा दांडा कानाला लावतो.
खाली कुर्विना बोलताहेत,
हजारो नर, एकच घोगरा सूर,
लाकडातून थेट दाढेपर्यंत.
"ऐक," म्हणतो. मी ऐकते.

इनोसेन्सिया गेली तेव्हा तो रडला नाही.
मातीला नाही, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला नाही.
आठव्या महिन्यात शेजारचा पोरगा आला,
तिच्या चुलीच्या वेळेला,
"काका, वाटीभर पीठ आहे?"
एवढंच.
पोरगा घाबरून वाटी तिथेच टाकून पळाला.

परतताना पिंपात बर्फ आणि मासे.
ओनेसिमो विसाने चालवतो, सांभाळून.
मी मागे वळून पाहते.
आखाताला वेग बदलता येत नाही.