बलक

अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं,
हे माझं काम. एका पाळीला चारशे.
शिरांचं लाल जाळं दिसलं, आत काही हललं
की टरफलावर पेन्सिलीने टिंब.
नाही हललं की फुली.
चार वर्षं मी बहुतेक फुल्याच मारल्या.

बलकात सुईने ताप सोडलेला असायचा,
आमच्याच खोऱ्यातला, नदीच्या पश्चिमेकडचा,
गोचिडीच्या पोटातून काढलेला.
बिटररूट, म्हणजे कडू मूळ. मोन्टानात
एका रानफुलावरून खोऱ्याला नाव पडलंय.
फूल गुलाबी असतं, तेही सांगायला हवं.

ऑरिन अकरा वर्षांचा होता.
कानामागे गोचीड, फुगून वाटाण्याएवढी.
आईने ती चिमट्याने उपटून चुलीत टाकली,
फट्‌ झालं, आणि आम्ही दोघं हसलो.
आठवड्याने मनगटांवर ठिपके आले,
मग तळहातांवर. मग मोजणं सोडलं.
डॉक्टर ट्विचेल चिखलात गाडी रुतवून आले,
खिडकीला चादर लावा म्हणाले, अंग पुसत राहा म्हणाले,
आणि निघताना आईऐवजी
दाराच्या कडीकडे बघत बोलले.

अठ्ठेचाळीसच्या एप्रिलात
एक पूड आली, बलकाच्याच रंगाची.
उजवीकडच्या अंड्यांना दिली, डावीकडच्यांना नाही.
सहाव्या सकाळी डावीकडे
फुली, फुली, फुली, सरळ.
उजवीकडे टिंब.
मी दिव्याची काच पदराने पुसली,
म्हणजे कामाच्या झग्याच्या टोकाने,
आणि पुन्हा पाहिलं.
टिंब.
एका पिल्लाने तर उजेडाला लाथ मारली.

जूनमध्ये लाकूड गिरणीतल्या हॉगेनचा पोरगा.
तेच ठिपके. तेच बरळणं.
पूड आता कॅप्सुलांत होती; गिळेना,
म्हणून आलुबुखाराच्या जॅममध्ये कालवून चारली.
तिसऱ्या रात्री घाम फुटला.
चौथ्या सकाळी त्याने डब्यातले पीच मागितले
आणि पाक कमी दिला म्हणून नर्सशी भांडला.

रविवारी आईला हे सांगितलं.
ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.
"किती गोळ्या लागल्या?"
एकेचाळीस, मी म्हणाले.
"एवढ्याच."
मग तिने उरलेले दाणे एकदम ओतले,
खुराड्यात हात घातला,
आणि एक गरम अंडं काढून
उन्हासमोर धरलं, माझ्यासारखं.
"यात काय दिसतं गं तुला?"